तपासणी बाईची, काळजी गोऱ्या शिपायाची

इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं आहे: "१८६८चा सांसर्गिक रोगांचा कायदा हा चांगला आरोग्य-उपाय होता, पण विलायतेतल्या नीतिवाद्यांनी तो हाणून पाडला, असं मी वाचलं. तो टिकला असता तर रोग आटोक्यात आला असता का? आणि इंग्रज सरकारला मुंबईतले कुंटणखाने खरंच बंद करायचे होते का?"

धंदा करणाऱ्या बायकांची नोंदणी आणि गुप्तरोगासाठी सक्तीची तपासणी, असा हा कायदा होता. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण एवढ्यावर भागणार नाही, कारण यातला पहिला समज आम्हा डॉक्टरमंडळींतसुद्धा पक्का बसलेला आहे. मी त्वचारोग आणि गुप्तरोगांची डॉक्टर. मुंबईतल्या एका सार्वजनिक दवाखान्यात गुप्तरोगांची ओपीडी सांभाळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरच्या बऱ्याचशा दुपारी लॉक हॉस्पिटलांचे, म्हणजे रोगी ठरलेल्या बायकांना जिथे ठेवत त्या इस्पितळांचे, जुने वार्षिक अहवाल वाचण्यात जातात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते संगणकावर खुले ठेवले आहेत. तुम्हीही ते वाचालच, म्हणून वाचताना काय पाहायचं तेही शेवटी सांगते.

सुरुवात १८६८पासून करू नका, छावणीपासून करा. १८५७च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या एकदम वाढली, साठ हजारांच्या वर गेली. त्यातले बहुतेक विशीतले आणि अविवाहित, कारण बायको बरोबर ठेवायची परवानगी शंभरातल्या मोजक्यांनाच होती. सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ साली शाही आयोग नेमला गेला आणि १८६३ साली त्याचा अहवाल आला. लढाईपेक्षा तापाने, हगवणीने आणि कॉलऱ्याने कितीतरी जास्त शिपाई मरतात, हे त्यात स्वच्छ मांडलेलं होतं. त्याच अहवालांतून दुसरीही एक गोष्ट पुढे आली. इस्पितळातल्या खाटा अडवून बसणाऱ्यांमध्ये गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) यांचे रुग्ण फार होते. हा शिपाई मरत नव्हता, पण कामाचाही राहत नव्हता. सरकारने त्याला बोटीचा खर्च करून आणलेला, शिकवून तयार केलेला. म्हणजे हिशेब पहिल्यापासून मनुष्यबळाचा होता.

मग १८६४चा छावणी कायदा आला. पलटणीच्या बाजाराला लागून धंदा करणाऱ्या बायकांची जी वस्ती, म्हणजे लाल बाजार असे, तिथल्या चकल्यातल्या (कुंटणखान्यातल्या) बायकांची नोंद करायची, प्रत्येकीला तिकीट द्यायचं, ठरल्या दिवशी तपासणी करायची आणि रोग दिसला तर लॉक हॉस्पिटलात ठेवायचं. इथे एक कलम नीट वाचा. नोंद सगळ्या बायकांची करायची नव्हती. ज्या गोऱ्यांकडे जातात त्यांचीच करायची होती. देशी शिपाई, बाजारातले हमाल, खानसामे, गाडीवान ज्यांच्याकडे जात त्या बायका या कायद्याच्या हिशेबातच नव्हत्या. गुप्तरोगाच्या डॉक्टरला यापेक्षा विचित्र काही वाटू शकत नाही. जंतूला कातडीचा रंग कळत नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांपैकी एकात जाऊन तपासायचं आणि दुसरीकडे पाठ फिरवायची, याला रोगनियंत्रण म्हणत नाहीत. पण त्या कायद्याला रोग हटवायचाच नव्हता. एका विशिष्ट माणसापर्यंत तो पोचू नये, एवढंच बघायचं होतं.

जाता जाता एक सांगते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात उपदंशासारख्या या रोगाला 'फिरंग रोग' म्हटलं आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला अशी आपल्या वैद्यांची समजूत होती. त्यावर पारा आणि चोपचिनी हे उपचारही तिथे आहेत. तीनशे वर्षांनी त्याच रोगाबद्दल इंग्रज अधिकारी 'नेटिव्ह बायांचा रोग' अशा थाटात लिहिताना दिसतात. रोग नेहमी दुसऱ्याचा असतो. ओपीडीत नवरा म्हणायचा बायकोमुळे झाला, बायको म्हणायची नवऱ्यामुळे. मला दोघांचं रक्त लागायचं.

नेमकं हेच, दोघांचं रक्त, त्या काळात कुणाला नको होतं. शिपायांची नियमित तपासणी ब्रिटिश सैन्यात १८५९च्या सुमारास बंद झाली, कारण त्याने पुरुषाचा मान जातो, असा युक्तिवाद मान्य झाला होता. बाईच्या मानाचा प्रश्न कायद्याने उभाच केला नाही. शिपायाने सांगितलं की मला अमुक घरातून रोग लागला, की त्या घरातली बाई बोलावली जायची. त्या शिपायाने तिला काय दिलं, हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

आता तपासणीकडे या, कारण प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. कायदा टिकला असता तर रोग आटोक्यात आला असता का, हे ठरवायचं तर आधी विचारावं लागतं की त्या तपासणीत कळत काय होतं. १८६८ साली परम्याचा जंतू कुणी पाहिलेला नव्हता. नायसरने तो १८७९ साली दाखवला. गरमीचा जंतू १९०५ साली सापडला, रक्ताची वासरमन तपासणी १९०६ साली आली. सॅल्व्हरसान हे पहिलं परिणामकारक औषध १९१० साली बाजारात आलं. पेनिसिलिन तर १९४०च्या दशकातलं. म्हणजे ज्या वीस-बावीस वर्षांत हा कायदा आणि छावणीचे नियम जोरात चालले, त्या वर्षांत डॉक्टरच्या हातात डोळे आणि आतून तपासायचं उपकरण, म्हणजे स्पेक्युलम, यापलीकडे काही नव्हतं. बायकांमधला परमा बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. गरमीची पहिली पुळी आत असली तर दिसत नाही, आणि महिन्या-दीड महिन्यात आपोआप भरून येते. रोग शरीरात राहतोच. उलट साधं पांढरं जाणं, बाळंतपणातली जखम, जंताची खाज यांवर 'रोगी' असा शिक्का बसायचा. एकामागून एक बाई तपासताना तेच स्पेक्युलम वापरलं जात असेल, आणि निर्जंतुकीकरणाची आजची कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती, तर त्या खोलीत किती जणींना रोग लागला असेल हे माझ्या मनातून जात नाही. त्यानंतरचा उपचार म्हणजे पारा. पाऱ्याने तोंड यायचं, लाळ गळायची, दात हलायचे. त्याने पुळी लवकर सुकायची, बाईला 'बरी' म्हणून सोडलं जायचं आणि तिकिटावर तशी नोंद व्हायची. शिपायाच्या दृष्टीने ते तिकीट म्हणजे हमी, आणि त्या हमीला काही आधार नव्हता.

'लॉक' या शब्दावरून तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, त्याचा कुलपाशी संबंध नाही. लंडनमध्ये १७४७च्या सुमारास गुप्तरोगांसाठी जे इस्पितळ निघालं त्याचं नाव लॉक, आणि ते नाव एका जुन्या महारोग्यांच्या आश्रमावरून आलेलं होतं. पण बाई आत गेल्यावर डॉक्टरने सोडल्याशिवाय बाहेर येऊ शकत नसे, त्यामुळे ज्यांनी तो शब्द कुलपाशी जोडला त्यांना मी हसणार नाही.

छावणीबाहेरच्या शहरांसाठी १८६८चा चौदावा कायदा झाला. ब्रिटनमध्ये तसेच कायदे १८६४, १८६६ आणि १८६९ साली झाले होते, पण तिथे ते काही बंदरं आणि लष्करी गावांपुरते होते. इथे मात्र कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी अख्खी शहरं त्यात आली. धंदा करणारी बाई आणि कुंटणखाना चालवणारी व्यक्ती, दोघांनीही नोंदणी करायची होती. बंगालीत या कायद्याचं नावच 'चौद्दो आईन' पडलं. कलकत्त्यातल्या कितीतरी बायका हद्द ओलांडून फ्रेंचांच्या चंदननगरात गेल्या. मुंबईतही तेच झालं. नोंद झालेल्या बायका पोलिसांच्या अंदाजापेक्षा फारच कमी निघाल्या. काही शहर सोडून गेल्या, काहींनी सांगितलं की आम्ही एकाच्या आश्रयाला आहोत, आम्हाला हा कायदा लागत नाही. आणि खरंच, कुणाला लागतो हे कायद्यात नीट सांगितलेलंच नव्हतं.

आपल्या भाषेत बघा किती शब्द आहेत: नायकीण, कळवंतीण, भावीण, मुरळी, कसबीण, ठेवलेली. प्रत्येकीचं घर वेगळं, मिळकत वेगळी, देवाशी आणि पुरुषाशी असलेलं नातं वेगळं. गिरगावातल्या एखाद्या नायकिणीचं स्वतःचं घर असे, गाण्याची मिळकत असे आणि बऱ्याचदा एकच आश्रयदाता असे. इंग्रजी कायद्याने या सगळ्यांना एका शब्दात गुंडाळलं आणि तो शब्द कुणाला लावायचा हे पोलिसाच्या हातात दिलं. जिथे व्याख्या नसते तिथे हप्ता सुरू होतो. गुन्हेगार कोण हे पोलीस ठरवणार असेल तर न ठरवण्याचेही पैसे घेतले जातात, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता मुंबईच्या गोष्टीतला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग. मुंबईत हा कायदा १८७० साली सुरू झाला आणि १८७२ साली थांबला. दोन वर्षांत. नीतिवादी आड आले असं समजत असाल तर तसं नाही. भांडण पैशाचं होतं. त्या वेळी पालिकेची तिजोरी आधीच खडखडाट करत होती. आयुक्त ऑर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चावरून १८७१ साली करदाते खवळले होते, क्रॉफर्ड यांना जावं लागलं आणि १८७२च्या कायद्याने पालिकेची रचनाच बदलली. त्या गदारोळात प्रश्न आला की लॉक हॉस्पिटल आणि या कामावरचे पोलीस यांचा खर्च कुणी द्यायचा. सरकार म्हणत होतं, शहराच्या आरोग्याचं काम आहे, शहराने वाटा उचलावा. शहराकडून उत्तर आलं की हे तुमच्या सैन्याचं आणि आरमाराचं काम आहे, मुंबईच्या करदात्याने का भरावं? पालिकेने हात वर केले आणि कायदा गुंडाळला गेला. १८८० साली तो परत आणला गेला, त्यातही बंदरातल्या गोऱ्या खलाशांची काळजी मोठी होती. पुन्हा खर्चाचा वाद, पुन्हा अपुरी नोंदणी, आणि १८८८ साली कायमचा शेवट.

पालिकेचा तो युक्तिवाद मी परत परत वाचते, कारण त्या काळातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य मला तेच वाटतं. हा शहराच्या आरोग्याचा कायदा नाही, हे शहरातल्या व्यवहारी माणसांनी पहिल्या दोन वर्षांत ओळखलं होतं. फक्त त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष एवढाच होता की मग पैसे आम्ही देणार नाही. बायकांसाठी उघडं, साधं, फुकट इस्पितळ काढू या, असा निष्कर्ष निघाला नाही. सरकारने नाही काढला, शेठ-सावकारांनीही नाही.

विलायतेत मात्र चळवळ खरोखर मोठी होती. जोसेफाइन बटलर आणि तिच्या मैत्रिणींनी १८६९पासून या कायद्यांविरुद्ध रान उठवलं होतं, आणि १८८६ साली तिथले कायदे रद्द झाले. त्याच १८८६ साली इथे लष्कराच्या मुख्यालयातून एक परिपत्रक निघालं. सरसेनापती होते फ्रेडरिक रॉबर्ट्स. पलटणीच्या बाजारात पुरेशा बायका असाव्यात, त्या पुरेशा आकर्षक असाव्यात, त्यांना नीट घरं आणि धुण्यापुसण्याची सोय असावी, असं त्यात लिहिलं होतं. आल्फ्रेड डायर या प्रचारकाने ते १८८८ साली उघड केलं आणि पार्लमेंटात गहजब झाला. ५ जून १८८८ रोजी सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव झाला. त्याच वर्षी अलाहाबादच्या काँग्रेसनेही हे कायदे रद्द व्हावेत म्हणून झटणाऱ्यांच्या बाजूने ठराव केला. कागदावर तपासणी संपली. प्रत्यक्षात छावण्यांत काय चाललंय ते बघायला एलिझाबेथ अँड्र्यू आणि केट बुशनेल या दोन अमेरिकन बाया १८९१-९२च्या हिवाळ्यात आल्या, चकल्यांत जाऊन बायकांशी बोलल्या, आणि जुनाच कारभार नव्या नावाने चालू असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. रॉबर्ट्स यांनी आधी इन्कार केला आणि १८९३ साली जाहीर माफी मागितली. १८९५ साली सक्ती कायद्यानेच बंद झाली.

आणि दोनच वर्षांत, १८९७ साली, ती मागच्या दाराने परत आली. कारण दिलं गेलं आकड्यांचं. १८९५ साली गोऱ्या सैन्यात गुप्तरोगासाठी इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण हजारी पाचशेच्या वर गेलं होतं. अर्धं सैन्य सडलंय, असा ओरडा लंडनच्या वर्तमानपत्रांत झाला. तुम्ही वाचलेला समज इथूनच आलेला आहे: तपासणी थांबवली आणि आकडा फुटला.

या आकड्यावर थोडं थांबते, कारण हे माझ्या कामातलं आहे. हजारी पाचशे म्हणजे हजारातले पाचशे शिपाई रोगी, असा अर्थ होत नाही. ते दाखल्यांचे आकडे आहेत. एकच शिपाई वर्षात तीनदा दाखल झाला तर तो तीन. परमा पूर्ण बरा न होता सोडलेला माणूस परत येणारच. दुसरं म्हणजे आकडा तपासणी थांबल्यावर चढायला लागला असं नाहीच. १८७०च्या दशकाच्या मध्यापासून तो चढत होता, आणि तेव्हा छावणीचे नियम, तिकिटं, लॉक हॉस्पिटलं सगळं जोरात चालू होतं. तेव्हा बदललं काय होतं? १८७०च्या सुधारणेने सैन्यात अल्पमुदतीची नोकरी आली. जुने, मुरलेले, घरसंसार केलेले शिपाई कमी झाले आणि अठरा-वीस वर्षांची पोरं येऊ लागली. हे पोरगं बराकीत कंटाळणार, दारू पिणार आणि लाल बाजारात जाणार. तिसरी गोष्ट तर निर्णायक आहे. ब्रिटनमध्ये १८८६ नंतर नियमन राहिलं नाही, तरी तिथल्या सैन्यातलं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत झपाट्याने घसरलं. इथेही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते खाली आलं. बराकी सुधारल्या, दारू कमी झाली, खेळ वाढले, शिपायांवर उपचार नीट आणि पुरेसे दिवस होऊ लागले. बाईच्या तिकिटाला त्याचं श्रेय देता येत नाही.

पण आकडा घसरला म्हणजे दर वेळी रोगच घटला असं नसतं, हेही मी पाहिलं आहे. माझ्या ओपीडीत अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक बाई यायची. पन्नाशीची, पान खाणारी, पोरींना घेऊन येणारी. खुर्चीवर बसायच्या आधी ती एकच विचारायची, "डॉक्टरबाई, ह्या कागदावरचं नाव कुठं जातं?" मी म्हणायचे, कपाटात. ती कपाटाकडे बघायची. त्या पोरी दर खेपेला वेगळं नाव सांगायच्या. एकदा श्रीदेवी, एकदा रेखा, एकदा गावाकडच्या बहिणीचं. आमच्या नोंदवहीत मग तीन नव्या रुग्ण जमा व्हायच्या, आणि दुसऱ्यांदा काढलेलं रक्त पहिल्याशी कधी जुळायचं नाही. गल्लीत धाड पडली की पुढचे दोन आठवडे बाकं ओस. धाडीनंतर रोग कमी व्हायचा का? नाही, आमच्या तक्त्यातले रुग्ण कमी व्हायचे. पुढे आम्ही नाव विचारणं सोडलं, फक्त क्रमांकाचं कार्ड दिलं आणि कार्ड तिच्याकडेच राहू दिलं. त्या वर्षापासून बायका दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्शनला परत यायला लागल्या. १८७० सालच्या मुंबईत ज्या बाया शहर सोडून गेल्या, त्या का गेल्या हे मला कुठल्याही सिद्धांताशिवाय कळतं.

१८९७ हे वर्ष आपल्याकडे वेगळ्याच कारणासाठी लक्षात आहे. पुण्यात प्लेग होता, गोरे शिपाई घरात घुसत होते, बायकांच्या अंगाला हात लावून तपासत होते, आणि त्या संतापात २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. तो संताप न्याय्य होता. पण त्याच पुण्याच्या लष्करात, खडकीच्या छावणीत, नगरला, देवळालीला, बाजारातल्या बायांची सक्तीची तपासणी त्याआधी कित्येक वर्षं चालू होती, आणि तिच्यासाठी असा वणवा कधी पेटला नव्हता. काँग्रेसचा ठराव झाला, हे खरं आणि ते महत्त्वाचं आहे. तरी घरातल्या बाईची अब्रू आणि बाजारातल्या बाईची अब्रू यांना आपल्या समाजाने वेगवेगळ्या तराजूत तोललं, हे इथे लपत नाही. इंग्रजांना दोष देताना मी हे पान उलटून पुढे जाऊ शकत नाही.

आता दुसरा प्रश्न, कुंटणखाने बंद करण्याचा. एक गोष्ट आधी लक्षात घ्या: अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं आणि विकत घेणं हा १८६०च्या भारतीय दंड संहितेतच गुन्हा होता, कलम ३७२ आणि ३७३. म्हणजे हत्यार हातात होतं. ते क्वचितच चालवलं गेलं. जन्माची नोंद नसलेल्या मुलीचं वय सिद्ध कसं करायचं, हेतू सिद्ध कसा करायचा, साक्ष कोण देणार, अशा अडचणी सांगितल्या जात. अडचणी खऱ्या होत्या. पण नोंदणीसाठी बाईला शोधून काढायला जे पोलीस मिळाले, ते मुलगी विकणाऱ्याला शोधायला मिळाले नाहीत.

मुंबईत धोरण होतं ते हटवण्याचं, मिटवण्याचं नव्हे. १९०२च्या पोलीस कायद्याने आयुक्ताला अमुक रस्त्यावरून या बायांना हलवण्याचा अधिकार दिला. प्रतिष्ठित वस्तीतून तक्रार आली की त्या रस्त्यावरून उठवायचं, मग बायका कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत, फॉकलंड रोड, फोरास रोडच्या बाजूला सरकायच्या. कामाठीपुरा हे नाव तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलेलं, पण अशा सरकवासरकवीतूनच त्या नावाला आजचा अर्थ चिकटला. सुएझ कालवा १८६९ साली उघडल्यावर युरोपातून बायका आणल्या जाऊ लागल्या. त्यांची वस्ती शुक्लाजी स्ट्रीटवर, लोक तिला सफेद गल्ली म्हणत. पोलिसांना तिथलं घर न् घर माहीत होतं. त्यांचा कटाक्ष एकच, की तिथे इंग्रज बाई नसावी. ब्रिटिश बाई आढळली तर तिला मायदेशी पाठवायची. पूर्व युरोपातली असली तर राहू दे. राज्यकर्त्यांच्या बाईला देशी माणूस पैसे देऊन भेटतोय, हे चित्र सरकारला सोसणारं नव्हतं. म्हणजे कुंटणखान्याचं धोरणसुद्धा वंशाच्या फूटपट्टीनेच आखलेलं होतं.

१९१७ साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या तरुण बाईचा छळ करून खून झाला. पळून जायचा प्रयत्न फसला म्हणून तिला मारलं गेलं. खटला गाजला, आरोपींना शिक्षा झाल्या आणि शहराला पहिल्यांदा त्या घराच्या आत काय असतं ते कोर्टाच्या भाषेत वाचावं लागलं: कर्ज, कोंडणं, मारहाण, डाग देणं. ते घर पोलिसांना ठाऊक नव्हतं असं नाही, अशा घरांवर त्यांची नजर असायचीच. पण नजर होती ती रोगावर आणि रस्त्यावरच्या शांततेवर. आतली बाई मोकळी आहे की डांबलेली, हे पाहणं कुणाचंच काम नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात जड पान हेच.

त्यानंतर हवा बदलली. आंतरराष्ट्रीय दडपणही होतं. स्त्रिया आणि मुलांच्या व्यापाराविरुद्धचा करार १९२१ साली राष्ट्रसंघात झाला, आणि त्यावर हिंदुस्थान सरकारने सही करताना एकवीसऐवजी सोळा वर्षांची वयोमर्यादा राखून ठेवली. मुंबई सरकारने १९२१ साली समिती नेमली, १९२३ साली मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला, आणि पुढच्या काही वर्षांत दुरुस्त्या करून तो हळूहळू दलालाकडून कुंटणखान्याकडे सरकला. कागदावर पाहिलं तर साठ वर्षांत सरकारची भूमिका नोंदणीकडून बंदीपर्यंत पूर्ण फिरली. पण पोलिसाच्या बाजूने बघा. सिद्ध करायला सगळ्यात सोपं कलम कोणतं? रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावलं, हे. मालक दुसऱ्याच नावाने भाडेपावती फाडतो, दलाल पळून जातो, बाई मात्र उभी असते. नोंदणीच्या काळात तिचं तिकीट मागितलं जायचं, बंदीच्या काळात तिच्याकडून दंड. दोन्हींत ठाण्यावर जाणारी तीच.

स्वातंत्र्यानंतर हे संपलं असतं तर मी हे एवढं लिहिलं नसतं. बायांच्या व्यापाराविरुद्धचा १९५६चा केंद्रीय कायदा वाचा. त्यात दंडाधिकाऱ्याला बाईला एखाद्या जागेतून हलवण्याचा अधिकार देणारं कलम आहे, आणि ते १९०२च्या मुंबईची आठवण करून देतं. १९८६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि धाडीत सापडलेल्या बाईची गुप्तरोगासाठी वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद घातली गेली. त्याच वर्षी चेन्नईत एचआयव्हीची भारतातली पहिली नोंद झाली, आणि तीही धंद्यातल्या बायांच्याच रक्तात, कारण शोधलं त्यांच्याच रक्तात. १९८९ साली राज्यसभेत सक्तीच्या तपासणीची तरतूद असलेलं एड्स प्रतिबंधक विधेयक आलं. मी तेव्हा नोकरीत होते. आमच्या बैठकांत जी वाक्यं बोलली जात, तीच मी आता १८७०च्या अहवालांत वाचते: यांना पकडा, तपासा, वेगळं ठेवा. ते विधेयक पुढे मागे घेतलं गेलं. संमतीशिवाय तपासणी नाही, हे तत्त्व एचआयव्हीच्या बाबतीत कायद्यात यायला २०१७ साल उजाडलं.

तुमच्या प्रबंधासाठी एवढं करा. लॉक हॉस्पिटलाचा कुठलाही अहवाल उघडलात की आधी सैनिकांच्या तक्त्यात आकडा माणसांचा आहे की दाखल्यांचा, ते बघा. मग बायकांच्या तक्त्यात नोंदलेल्या किती, तपासणीला सरासरी हजर किती आणि गैरहजर किंवा पळून गेलेल्या किती, हे तीन रकाने एका ओळीत मांडा. डॉक्टरचा शेरा वाचा. बऱ्याच ठिकाणी तो लिहितो की रोग नोंद नसलेल्या बायांकडून येतो, गवत विकणाऱ्या, मजुरीवर येणाऱ्या, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायांकडून. त्या शेऱ्याखाली पेन्सिलीने खूण करून ठेवा, कारण नोंदणी चालत नाही हे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो आहे. आणि अहवालाच्या अखेरीस खर्चाचा गोषवारा असेल तर तो सोडू नका. मुंबईचा वाद तुम्हाला तिथेच सापडेल: किती लष्कराने दिले, किती पालिकेकडे मागितले, आणि बायकांच्या जेवणावर आणि औषधावर त्यातले किती गेले.